पाण्याच्या दिवशी इंटरव्ह्यू

वाळूजच्या कंपनीतलं माझं कंत्राट महिनाअखेरीस संपत होतं. पुण्याच्या एका कंपनीनं फोनवर इंटरव्ह्यू ठेवला, तोही नेमका आमच्या पाण्याच्या दिवशी, सकाळी अकराला. पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा येतो, पाऊण तास टिकतो, आणि मोटर लावल्याशिवाय वरच्या टाकीत थेंब चढत नाही. आमची मोटर माझ्या खिडकीखाली आहे. ती सुरू झाली की घरात माणसाला माणूस ऐकू येत नाही.

आईनं परस्पर ठरवून टाकलं, मोटर लावायची नाही. तेवढ्यावर भागलं नाही, तिनं आजूबाजूच्या तीन घरांनाही गळ घातली. शेजारच्या खाला म्हणाल्या, "बच्चे की नौकरी का सवाल है. पानी क्या, फिर आता." बच्चा चौतीस वर्षांचा होता.

अकराला नळ आला. बायका आवाज न करता बादल्या भरू लागल्या. फोन आला अकरा वीसला. लिहून घ्यायला हात मोकळे हवेत म्हणून मी स्पीकर लावला. पलीकडच्या बाई काहीतरी कुरकुरीत खात होत्या. त्यांनी मला दुसऱ्याच कुणाच्या नावानं हाक मारली. गरजवंताला अक्कल नसते, मी "हो मॅडम" म्हणालो. क्वालिटीत आठ वर्षं काढली असं सांगितलं, तर त्यांनी "म्हणजे प्रॉडक्शन" असं म्हणून टाइप करून टाकलं. एका पार्टमधली केसाएवढी चीर मी कशी पकडली, ही गोष्ट मी आरशासमोर चारदा घोटली होती. ती सुरू करतोय तोच बाई कुणाला तरी म्हणाल्या, माझापण चहा सांग. मग मला म्हणाल्या, "कळवते." खेळ तीन मिनिटांत खलास.

बाहेर चार घरं मोटरी बंद ठेवून बसली होती. तीन मिनिटांसाठी? मला तोंड दाखवायची लाज वाटली. सरळ जाऊन "लावा मोटरी" म्हणायचं सोडून मी बंद फोनसमोर बोलत राहिलो. चिरेची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. "चांगला प्रश्न विचारलात मॅडम," असंही म्हणालो. पगाराची घासाघीस केली, त्यात मॅडम काही केल्या ऐकेनात. अर्ध्या तासानं बाहेर आलो तेव्हा नळ गेला होता.

खाला खूश होत्या. एवढा वेळ बोलले म्हणजे काम पक्कं, असं त्यांनी गल्लीला सांगूनही टाकलं. मी मान डोलावली. माझ्याएवढा गाढव त्या दिवशी शहरात दुसरा नसेल.

संध्याकाळी आई बादलीतलं पाणी तांब्यानं मोजून वापरत होती. ते बघवेना, म्हणून सगळं कबूल केलं.

"कळलं व्हतं मला," ती म्हणाली. "खिडकीतून ऐकू येत व्हतं. ती बाई तर लगेच गेली."

मग मोटर का नाही लावली, असं मी चिडूनच विचारलं.

"तू बोलत व्हतास ना," आई म्हणाली. "लई चांगलं बोलत व्हतास."