आपला वकील आणि अप्पांचे तेवीस प्रश्न

जर्मनीत घर घ्यायचा विचार आहे? मग आधी बसा, चहा घ्या, आणि माझी फजिती ऐका. शहाणे व्हाल. मी नाही झालो, पण तुम्ही व्हाल!

मी मिलिंद. फ्रँकफर्टला सॉफ्टवेअरमध्ये आहे. मी आणि बायको अनघा दोन वर्षं घरं बघत होतो. घरं आम्हाला पसंत पडायची, आम्ही घरवाल्यांना पडायचो नाही. शेवटी एस-बानच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, अगदी टोकाच्या स्टेशनजवळ फ्राऊ लिंडनर, म्हणजे लिंडनरबाई, भेटल्या. वय ऐंशीच्या पुढे, हातात काठी, घरामागे सफरचंदाचं झाड. गुडघे दुखतात, जिने चढवत नाहीत, म्हणून घर विकत होत्या. आणि इतक्या लोकांतून त्यांनी चक्क आम्हाला निवडलं!

परत येताना ट्रेनमध्येच अनघाने कोथिंबीर कुठल्या खिडकीत लावायची ते ठरवून टाकलं. इतकी खुश मी तिला कित्येक दिवसांत पाहिली नव्हती. हे घर हातचं गेलं असतं, तर पुन्हा शोधायला लागायचा धीर आमच्यापैकी कोणातच उरला नव्हता.

एवढं सगळं सुरळीत चाललं असताना मी काय करावं? मी पुण्याला सासऱ्यांना फोन केला.

आमचे अप्पा! आख्खी नोकरी दस्तनोंदणी कार्यालयात गेली. भावाभावांचे, काका-पुतण्यांचे इतके तंटे पाहिलेत, की लग्नाचं आमंत्रण आलं तरी आधी सही कोणाची आहे ते बघतात.

"मिलिंदराव, वकील कोण आहे?"

"अप्पा, इथे नोटार असतो. सरकारने नेमलेला. त्याच्यासमोर करार झाल्याशिवाय घर विकता येत नाही."

"त्याची फी कोण देतंय?"

"आपण."

"मग झालं तर! माणूस आपला. त्याला विश्वासात घ्या आणि सगळं विचारून घ्या. लाजू नका. घ्या लिहून!"

मी लिहून घेतले. तेवीस प्रश्न! बाईंच्या भावंडांचा हिस्सा निघतो का? कोणी पुतण्या नंतर उगवेल का? मुलगी कुठे असते, ती हक्क सांगायला येईल का? घरात कोणी मेलंय का? गुडघ्यांचं कारण खरं, की आतली गोष्ट वेगळीच आहे? आणि अप्पांचा आवडता, प्रत्येक खरेदीखतात असतोच तो: बाई हे राजीखुशीने, अक्कलहुशारीने करतायत ना? म्हणजे त्यांची बुद्धी शाबूत आहे याची खात्री कोण देणार?

आता मला सांगा, आपल्याच वकिलाला विचारायला काय हरकत आहे? मी सगळे प्रश्न छानपैकी जर्मनमध्ये लिहिले. खाली एक ओळ स्वतःच्या मनाने घातली: "बाई गोड आहेत, पण आपण सावध असलेलं बरं." आणि दिली मेल पाठवून. अनघाला सांगितलं नाही. उगाच तिच्या डोक्याला ताप कशाला!

दोन दिवसांनी नोटारचं उत्तर आलं. दीड पान. त्या सरकारी जर्मनमध्ये वाक्य सुरू होतं इथे आणि क्रियापद भेटतं पुढच्या स्टेशनावर. मी पहिली ओळ वाचली, शेवटची वाचली. शेवटी विचारलं होतं, "आपली यास संमती आहे का?" आपल्याच माणसाला संमती द्यायला कसला विचार करायचा? मी लिहिलं, "या, गेनाऊ! हो, अगदी बरोबर! खूप खूप आभार!"

मधलं वाचलं असतं ना, तर हा किस्साच झाला नसता.

कराराचा दिवस उजाडला. लांबलचक टेबल. एका बाजूला मी आणि अनघा, समोर फ्राऊ लिंडनर, मध्ये नोटार. इथे कायदाच आहे, करारातला शब्द न् शब्द नोटारने मोठ्याने वाचून दाखवायचा. आणि वाचतो कसा? पाच घरच्या पूजा बाकी असलेले गुरुजी सत्यनारायणाची पोथी वाचतात, तसा! मी अधूनमधून मान डोलवत होतो.

मध्येच तो थांबला. दुसरी फाइल उघडली.

"आता खरेदीदारांचे तेवीस प्रश्न. यांची उत्तरं फक्त विक्रेत्याच देऊ शकतात, म्हणून आपल्या लेखी संमतीने मी ते त्यांना पाठवले होते. त्यांनी उत्तरं दिली आहेत. ती सगळ्यांसमोर वाचावीत अशी त्यांची इच्छा आहे."

माझे कान तापले.

"कसले प्रश्न?" अनघा कुजबुजली.

"अप्पांचे."

"कोणाला पाठवलेस तू?"

"आपल्या वकिलाला."

"आपला वकील? कुठाय?"

मी हळूच नोटारकडे बोट केलं. त्याला मराठी येत नव्हतं, पण बोट कळलं. तो शांतपणे म्हणाला, "मी कोणाचाच नाही, हेर जोशी. फी कोणीही देवो. मी मध्ये बसतो."

आणि त्याने वाचायला सुरुवात केली. त्याच सुरात, त्याच वेगात! भावंडं? एक भाऊ होता, वारला. पुतण्या? नाही. बुद्धी शाबूत आहे का? "वर्तमानपत्रातलं शब्दकोडं मी रोज पेनाने सोडवते. पेन्सिलीने नाही." गुडघे? "डॉक्टरांचं पत्र सोबत जोडलं आहे." खरंच जोडलं होतं हो! एक्स-रेसकट!

टेबलाखालून अनघाने माझ्या मांडीला असा चिमटा काढला, की वळ आठवडाभर होता. समोर फ्राऊ लिंडनर काठीवर दोन्ही हात ठेवून माझ्याकडे बघत होत्या. हसत नव्हत्या, रागावलेल्याही दिसत नव्हत्या. तेच जास्त वाईट होतं.

"घरात कोणाचा मृत्यू झाला आहे का?" नोटार वाचत होता. "माझे पती गेले. झाडाखाली, आरामखुर्चीत, पेपर वाचता वाचता. कोणालाही यावं असं मरण. ती खुर्ची विकायची नाही."

मग पुढचा. "मुलगी हक्क सांगायला येईल का?" इथे नोटारचाही वेग कमी झाला. "मुलगी रेगेन्सबर्गला असते. तीन ख्रिसमस झाले, आलेली नाही. हक्क सांगायला का होईना, ती येणार असेल, तर कृपया मला आधी कळवा."

मला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली, की घर राहू दे, आधी या बाईंची माफी मागावी असं झालं. मी मागितलीसुद्धा. जमेल त्या जर्मनमध्ये, तीनदा.

नोटारने फाइल मिटली. "आल्झो, तर मग, विक्रेत्यांना सही करायची आहे ना?"

फ्राऊ लिंडनरनी पेन उचललं नाही. अनघाने माझा हात घट्ट धरला. गेलं घर! गेली कोथिंबीर!

"हे प्रश्न तुमचे नाहीत," त्या मला म्हणाल्या. "तुमच्या तोंडावरून कळतंय. कोणाचे आहेत?"

"माझ्या सासऱ्यांचे. हिचे वडील. पुण्यात असतात."

"त्यांना कसली भीती वाटते?"

काय सांगणार? खरं तेच सांगितलं. "मुलगी लांब आहे. परक्या देशात तिला कोणी फसवलं, तर त्यांना तिथून काही करता येणार नाही. म्हणून."

त्यांनी काठी टेबलाला टेकवून ठेवली. मग म्हणाल्या, "पुष्कळ लोक घर बघून गेले. सगळ्यांनी हीटिंगचं विचारलं. कोणाच्या वडिलांनी काही विचारलं नव्हतं. त्यांना सांगा, मी फसवत नाहीये."

आणि त्यांनी सही केली! सही एकदम ठसठशीत. अनघाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, खोटं कशाला बोलू!

मीही सही केली. संपलं, सुटलो, असं म्हणून मी खुर्ची मागे सरकवतोय, तोच फ्राऊ लिंडनर अनघाकडे वाकल्या.

"एक विचारू? घरासाठी तुमच्या वडिलांनी तेवीस प्रश्न काढले. यांना पसंत केलं, तेव्हा किती काढले होते?"

"एकही नाही," अनघा म्हणाली. माझ्याकडे एकवार नीट बघितलंन, आणि म्हणाली, "त्यावरूनच तर ते शिकले."