दारात उभी राहिलेली बाई

देवीमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी चाळीसगावला बहिणीकडे होते. मावशीचा मुलगा रमेश सांगत होता, "सकाळी चहा घेतला, जरा पडते म्हणाली... ती उठलीच नाही." मला रडू आलं नाही. भीती वाटली. धुळ्याच्या आमच्या गल्लीत फाळणी डोळ्यांनी पाहिलेलं शेवटचं माणूस गेलं होतं.

मावशी सिंधी. लहानपणी आईवडिलांबरोबर सिंधमधलं गाव सोडून कराचीहून बोटीनं आली, छावणीत राहिली, मग नातेवाइकांच्या आधारानं धुळ्याला. लग्नानंतर आमच्या शेजारी राहायला आली ती कायमची. मराठी आमच्यासारखंच बोलायची, घाबरली की मात्र तोंडातून सिंधी निघायची. आणि ती फार घाबरायची. मिरवणुकीचा ढोल चौकातून आत वळला की नातवंडांना मागच्या खोलीत नेऊन बसवायची, मग तो गणपतीचा असो की उरुसाचा. आम्ही हसायचो.

काही वर्षांपूर्वी गल्लीच्या तोंडाशी दगडफेक झाली आणि आमचं हसणं थांबलं. संचारबंदी उठली तरी कुणी मोकळेपणानं बोलेना. भाजी घेतानाही लोक मागे वळून बघत. अशात एका दुपारी मावशीच्या ओट्यावर बैठक बसली. आमच्या गल्लीत कोपऱ्यावर तीन मुसलमान घरं, पलीकडच्या मोहल्ल्यात तीन हिंदू घरं. त्यांनी आपापसांत अदलाबदल करावी, असं ठरत आलं होतं. ती तिन्ही हिंदू घरं तयार होती. मुसलमान घरांतला गादीवाला सलीम आणि त्याची बायको रुखसाना एका बाजूला गप्प बसले होते. गल्लीतले वयस्कर नाना वाईट माणूस नव्हते. त्यांच्या नातवाच्या कपाळाला टाके पडले होते. ते अहिराणीत म्हणाले, "आते अलग ऱ्हायेल बरं शे. बठ्ठं शांत हुई जाई."

शेजारच्या प्राध्यापकांनी मान डोलावली. "देशांचंही तेच आहे. जिथे दोन समाज नांदत नाहीत, तिथे नव्यानं सीमा आखाव्यात. ज्याला त्याला आपला मुलूख मिळाला की रक्तपात थांबतो."

मावशी आतून ऐकत होती. चौकट धरून बाहेर आली.

"सर, आमच्याकडे रेघ ओढली ती भांडण मिटवायलाच," ती म्हणाली. "आमच्या गावात तोवर भांडण नव्हतं. रेघ ओढल्यावर आलं."

मग तिनं जे सांगितलं ते रमेशनंही कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या घरात चुलीवर डाळ शिजत होती आणि दारात एक बाई येऊन उभी राहिली. कडेवर मूल, हातात गाठोडं. अजमेरकडून आली होती, तिचं घर तिकडे दुसऱ्या कुणी घेतलेलं. बरोबरच्या माणसानं सांगितलं, हे घर आता हिचं. "आई आणि ती बाई एकमेकींकडे बघत राहिल्या. दोघी कापत होत्या... आईनं तिला डाळ वाढली. कुठल्या विहिरीचं पाणी गोड आहे ते सांगितलं. आणि आम्ही निघालो. माझी आई पुढं कितीतरी वर्षं विचारायची, त्या बाईला झोप लागत असेल का गं?"

बैठक मोडली, माणसं उठून गेली. पण माणसं ऐकून घेतात म्हणजे पटतंच असं नाही. आठवड्याभरात दोन घरं गेली. तिसऱ्या घरासमोर, सलीमच्या दाराशी, टेम्पो लागला त्या सकाळी मावशी काठी टेकत तिथे गेली आणि त्याच्या स्वयंपाकघरात पाट घेऊन बसली. ओठ कोरडे पडले होते, पुटपुटत होती ते सिंधीत. रमेश विनवत होता, "आई, चल, लोक बघताहेत."

"ज्याला हे घर घ्यायचंय, त्यानं माझ्यासमोर इथं चूल पेटवावी," ती म्हणाली.

घर घ्यायला आलेला माणूस उंबऱ्यापर्यंत आला. बराच वेळ उभा राहिला आणि परत गेला. टेम्पो रिकामाच वळला. मावशीला मी हाताला धरून घरी आणलं. तिचं अंग तापलं होतं. "आता माझ्या घरावर दगड येईल ना?" एवढंच तिनं विचारलं. दगड आला नाही. पण गल्लीच्या तोंडाशी लोखंडी फाटक आलं, ते अजून आहे. मावशीच्या अंत्ययात्रेला रुखसाना डोळे पुसत त्या फाटकापर्यंत आली, पुढे जायची हिंमत तिला झाली नाही.

मावशीच्या खिडकीतून सलीमचं स्वयंपाकघर दिसतं. तिन्हीसांजेला तिथला दिवा लागलेला दिसल्याशिवाय ती जेवायला बसत नसे. माझ्याही खिडकीतून ते दिसतं. तिच्या माघारी मी कधी बघायला लागले, कळलंच नाही. गेल्या आठवड्यात अंधार पडला तरी दिवा लागेना. मी तशीच चपला न घालता धावले, दार वाजवलं. रुखसानानं हातात मेणबत्ती घेऊन उघडलं.

"फ्यूज उडाला, भाभी," ती म्हणाली. मग माझ्या पायांकडे बघून हळूच विचारलं, "तुम्हालाही भीती वाटते का?"

मी हो म्हटलं. तिनं मला आत घेतलं आणि दाराला कडी लावली.