नाव सांग, मग बंदूक

शिदू हवालदार पोराच्या हातात बंदूक देण्याआधी त्याचं नाव विचारत, तेही आडनावासकट. जत्रेतल्या फुगे फोडायच्या गाळ्यावर एवढी चौकशी कशाला, म्हणून आया वैतागत. "आवं, बंदूक हातात आली की मानूस बिननावाचा हुतो. म्हनून आधी नाव," असं त्यांचं उत्तर असे.

ते माण तालुक्यातले, मेंढरं राखणाऱ्या घरातले. फौजेतून परतल्यावर सातारा-सांगलीच्या जत्रांत गाळा लावत. सांगलीत आले की माझ्या पाट्या रंगवायच्या दुकानात मुक्काम. एखाद्या पोरानं गंमत म्हणून नळी माणसाकडे वळवली, तर ते ती तळव्यानं अलगद बाजूला सारत. "फुगा नवा बांधता येतोय, गड्या."

एकाहत्तरची लढाई नुकतीच झाली होती. पोरांना फुगे नको होते, शत्रू हवा होता. समोरच्या गाळ्यावर पुठ्ठ्याचे शत्रू उभे राहिले आणि गर्दी तिकडे वळली.

मी म्हटलं, "हवालदार, पत्र्यावर एक शिपाई काढून देतो. छातीवर फुगे बांधा."

"न्हाई."

"अहो, खेळच आहे."

"व्हय, खेळच. तू खेळलायस का कवा?"

माझा सात वर्षांचा दिलीपही हट्टाला पेटला होता. बायको म्हणाली, "हवालदार नको म्हणतात ना, मग नको." मला दोघांचंही हसू आलं.

पुढच्याच आठवड्यात हवालदार तापानं माझ्या दुकानात पडले. "दोन दिस गाळा बघ. फुगं तेवढं लाव," म्हणाले. मी फुगे लावलेच, पण आधी पत्रा रंगवला. पहिली बंदूक दिलीपच्या हातात दिली. नाव कुणालाच विचारलं नाही. गर्दी लोटली.

तिसऱ्या दिवशी दुपारी हवालदार घोंगडी पांघरून आले आणि पत्र्यासमोर थांबले. तेव्हा कुठे मला दिसलं. मी जवळून पाहिलेला फौजी एकच होता, आणि हात आपोआप त्यालाच काढून बसला होता. ती मिशी, भुवईवरचा तो व्रण. गालावर, कपाळावर छर्‍यांचे खळगे पडले होते.

दिलीप नेम धरून उभा होता.

"नाव?" हवालदारांनी विचारलं.

"दिलीप."

"आन् ह्याचं?"

दिलीपनं पत्र्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "हवालदार आजोबा," तो म्हणाला. बंदूक टाकून त्यानं त्यांच्याच घोंगडीत तोंड खुपसलं. त्याच्या डोक्यावरून हात फिरवत ते मला म्हणाले, "मिशी लय झ्याक जमलीया रं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते गावी गेले. गाळा पुन्हा लावला नाही. त्याच उन्हाळ्यात वारले. मी गेलो नाही. लढाईनं म्हातार्‍याचं डोकं फिरलं, असं लोक म्हणायचे. मला विचारलं की मीही सांगायचो, "ताप डोक्यात गेला होता." पन्नास वर्षं हेच सांगत आलो. ते खोटं आहे. त्यांचं डोकं शेवटपर्यंत ठिकाणावर होतं. गाळा बंद पडला तो मी रंगवलेल्या पत्र्यामुळे.

आता पणतू मोबाईलवर माणसं मारायचा खेळ मागतो. नातसून विचारते, "आजोबा, देऊ का खेळायला?" साठीला आलेला दिलीप उठून अंगणात जातो. शेजारच्या मुलाच्या मोबाईलवर तो खेळ मी एकदा पाहिला आहे. पडद्यावर पडणाऱ्या प्रत्येक माणसाला मला तीच मिशी दिसत होती.