न वाजलेला डबा

त्या आश्विनात मी देवाशी बोलणं बंद केलं होतं. भांडण झालं असतं तरी बरं, भांडणात निदान बोलणं तरी असतं. मी नुसतं तोंड फिरवलं. देवघरात दिवा सून लावायची, आणि घंटी वाजली की मी मागच्या खोलीत बाजेवर कूस बदलायची. ज्याने एकदा हाताला धरून उठवलं, त्यानेच पुन्हा पाडलं. मग त्याच्या पाया कायले पडायचं, असं माझं सरळ म्हणणं होतं.

छातीचा कॅन्सर मला आधी एकदा होऊन गेला होता. ऑपरेशन झालं, केस गेले, केस परत आले, मी सोयाबीन सोंगायलाही जाऊ लागले. भेटायला येणाऱ्या बायांना मी चढून सांगायची, बघा, कशी ठणठणीत आहे. मग पाठ दुखायला लागली आणि अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की तो आता हाडात आला आहे. पूर्ण जाणार नाही, पण शुगर-बीपीवाले जगतात तसं याच्यासोबतही जगता येतं, असं ते समजावून म्हणाले. भला माणूस होता, पण मला हसू आलं. घरात चोर मुक्कामाला आला आणि हे म्हणतात, त्याला ताट वाढा! केमोच्या पहिल्या सलाईन घेतल्या. केस पुन्हा गेले, तोंडाची चव गेली, नाकाला कसलाच वास येईना. भाकरी काय, वरण काय, सगळं ओला पुठ्ठा चावल्यासारखं. कोजागिरी झाली की पुढची सलाईन होती. मी घरात सांगून टाकलं, मी जाणार नाही. नवरा मान खाली घालून बसला, मुलगा चिडून शेतात निघून गेला, सून रेखा भांडी घासता घासता डोळे पुसत राहिली. मला कोणाचंच काही वाटेना. आजारापेक्षा मला त्याचीच भीती वाटायला हवी होती, पण तेवढीही उरली नव्हती.

पहिल्या वेळी केस गळायला लागले, तेव्हा मी अख्खी वेणीच कापून घेतली होती. कमरेपर्यंतची, खाली मेंदीने तांबूस, मुळाशी पांढरी. ती मी माझ्या आंदणातल्या स्टीलच्या डब्यात घालून ठेवली होती. दुपारी घर रिकामं झालं की दार लोटून घ्यायची, वेणी मांडीवर ठेवायची आणि तिच्यावरून हात फिरवत बसायची. काही लोक मेलेल्या माणसाचे कपडे टाकत नाहीत, तसं ते होतं. कधीकधी मला खरोखर वाटायचं की मी त्या डब्यात आहे, आणि बाजेवर बसलेली ही दुसरीच कोणी बाई आहे. एकदा तर बोटांखाली वेणी कोमट लागली. मी झाकण लावलं, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलंच.

त्याच दिवसांत माझ्या नातीने, चिऊने, ओसरीत भुलाबाई मांडली. रिसोडच्या बाजारातून मातीची भुलाबाई आणली, शेजारी भुलोजी म्हणजे शंकर, तिच्या मांडीवर गणपती. पार्वती लेकराला घेऊन माहेराला आली, असं आम्ही मानतो. रोज दिवेलागणीला गल्लीतल्या पोरी जमतात, गाणी म्हणतात, आणि गाणी संपली की खिरापत ओळखायची. खिरापतीचा डबा बंद असतो. घरची बाई तो हलवून दाखवते, पोरींनी आवाजावरून ओळखायचं, आणि कोणी ओळखल्याशिवाय झाकण काढायचं नाही. जी ओळखेल तिची पहिली मूठ. लहानपणी मी यात कोणाला हार जात नसे. त्या वर्षी मात्र मी चिऊला बजावलं होतं, गाणी म्हण, पण मले बोलावू नको.

त्या दिवशी रेखाने फुटाणे आणि गूळ डब्यात भरला, डबा मागच्या खोलीतल्या फळीवर ठेवला आणि अंगण झाडायला गेली. आंदणातले माझे डबे जोडीचे, एकासारखा एक. मी वेणी घेऊन बसले होते. तिची पावलं ऐकू आली तशी मी घाईने वेणी डब्यात कोंबली आणि डबा फळीवर सरकवला, तो नेमका तिच्या डब्याच्या पुढे. रेखाने पुढचा उचलून नेला. मला ते कळलंही नाही.

बाहेर गाणी झाली. मग रेखाने डबा हलवला असावा, कारण पोरी एकदम गप्प झाल्या. कोणी म्हणालं, वाजूनच नाही राह्यला. रेखाने पुन्हा हलवला. पोरी सुरू झाल्या: बुंदी, केळं, शिरा, पेढे. रेखा प्रत्येकीला नाही म्हणत होती, पण तिचाच आवाज अडखळत होता, कारण फुटाणे वाजायला हवे होते. मी फळीकडे पाहिलं. मागचा डबा जागेवर होता. उचलून हलवला, तर खळखळ वाजला.

मी डोक्याला स्कार्फ गुंडाळून भिंतीला धरत ओसरीच्या दारात आले. रेखा झाकण काढू बघत होती आणि पोरी तिचा हात धरून ओरडत होत्या की नाही, आधी ओळखू द्या. तेवढ्यात अंगणाच्या फाटकाकडून कोणीतरी शांतपणे म्हणालं,

"केसं हायेत त्यात."

फाटकात एक बाई उभी होती. गावातली नव्हती. कडेवर लेकरू, त्याचं तोंड पदराखाली. आमचा कुत्रा परक्या माणसाला आत येऊ देत नाही, तो तिच्या पायाशी मान टाकून पडला होता. ती सरळ ओसरीपर्यंत आली आणि पोरींना विचारलं,

"ओळखली कोनं? मंग खिरापत कोनाची?"

रोजच्या सवयीने सगळ्या पोरी एका सुरात म्हणाल्या, "तुमची!"

रेखाने झाकण काढलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. मी पुढे होऊन डबा हिसकावला आणि छातीशी धरला. थे माही वेनी हाय, कोनाले देत नाई, असं काहीतरी बोलले. आवाज माझा मलाच ओळखू येईना. ती बाई चिडली नाही. जवळ येऊन तिने हात पुढे केला. लहान पोराने तोंडात घातलेलं काही काढून घेताना आपण करतो ना, तसा.

"दे माय," ती म्हणाली. "किती दिस सांभाळशीन? मले कामी येते."

"बदल्यात काय देशीन?" मी म्हटलं. रागच होता तो. "मले जेवन गोड लागत नाई. देशीन थे?"

तिचा हात तसाच राहिला. आणि माझ्या हातांनी तो डबा तिच्यापुढे धरला. मी धरला, असं मला आजही म्हणता येत नाही. तिने वेणी उचलली, लेकराच्या डोक्याखाली उशीसारखी सारली आणि आली तशी गेली. फाटकाबाहेर चिऊ धावली, तर रस्ता दोन्ही बाजूंनी मोकळा होता.

मी ओसरीतच खाली बसले. आणि मला वास आला. ओल्या मातीचा. पाऊस कधीच थांबलेला, सोयाबीनची सोंगणी चालू, अंगणात धूळ, आणि माझ्या नाकाला कुंभाराच्या घरी येतो तसा ओल्या मातीचा वास. त्या वासामागून हळूच दुसरा वास आला, कडवट, ओळखीचा. मी एकदम ओरडले, "रेखा, वांगे लागले!"

रेखा हलली नाही. माझ्याकडे बघत राहिली. मग तिला कळलं की मला करपल्याचा वास आला आहे, आणि ती गॅसकडे धावायच्या ऐवजी माझ्या गळ्यात पडून हुंदके देऊन रडायला लागली. भाजी पार तळाला लागली. पोरी मागचा डबा आणून फुटाणे खात होत्या. त्या संध्याकाळी आम्ही सगळे करपलेली वांग्याची भाजी खायला बसलो. मी रेखाला बोलले की मीठ कमी आहे, मुलाला बोलले की हात धुतले नाहीस, नवऱ्याला बोलले की मचमच करून खाता. नवरा खाली बघत हसत होता. मी दुसरी भाकरी मागितली. आयुष्यात इतकी गोड भाजी मी खाल्ली नाही.

नवऱ्याचं म्हणणं, ती केसांवर भांडी देणारी असेल. तसल्या बाया गावोगाव फिरतात, केसांचा डबा त्यांना न वाजताही कळतो. असेलही. मी वाद घातला नाही. कोजागिरीनंतर मी गाडीत बसून अकोल्याला गेले आणि सलाईन लावून घेतली.

भुलाबाई आम्ही विसर्जनाला अंगणात बादलीतच शिरवली होती. ते गढूळ पाणी जास्वंदाला घालावं म्हणून मी बादलीत हात घातला, तर बोटांना काहीतरी गुंडाळलं. केस होते. लांब, खाली तांबूस, मुळाशी पांढरे. मी हात बाहेर काढला नाही, तसाच पाण्यात राहू दिला. कुंभार मातीला तडे जाऊ नयेत म्हणून केस मिसळतात, असं नवरा म्हणाला. पण मूर्ती तर ती बाई यायच्या आधीच बाजारातून आली होती, हे तो बोलला नाही आणि मीही बोलले नाही. माती आणि केस दोन्ही मी जास्वंदाच्या बुडाशी ओतले.

आजार आहे. गोळ्या आहेत, सलाईन आहेत, काही दिवस पाठ टेकवत नाही. डॉक्टर म्हणतात, आहे तिथेच थांबला आहे. मी आता देवाला बरं कर म्हणत नाही. जे माझ्या हातातून सुटत नाही ते तूच मागून घेऊन जा, एवढंच म्हणते. सकाळी चहाला आलं ठेचलं की त्याचा वास घेत उभी राहते, चिऊच्या वेण्या घालते, रेखाशी मिठावरून भांडते. यात मला एवढं सुख होतं आणि मी ते बाजेवर पाठ फिरवून दवडत होते.

आता खिरापत मीच करते आणि डबाही मीच हलवते. पोरींचा गलबला सुरू झाला की माझं लक्ष फाटकाकडे जातं. झाकण काढायच्या आधी मी जरा थांबते. ती आली तर पहिली मूठ तिची. नाही आली, तर चिऊ तळहात पुढे करून उभी असतेच.