कणसाच्या बाहुल्या आणि माझं इंग्रजी

वडील गेल्यावर आई हायवेच्या कडेला शेगडी मांडून कणसं भाजायची. मी शेजारी गोणपाटावर बसायचे. खेळणी घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून सोललेल्या पानांची ती मला बाहुली वळून द्यायची. त्या शेगडीवर मी शिकले. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, हे मी कुणालाही ताठ मानेने सांगते. शेगडीचं सांगत नाही.

यंदा ऑटममध्ये आई ऑस्ट्रेलियात माझ्याकडे टूवूंबाला आली होती. माझ्या लेकीच्या शाळेत, तिच्या वर्गात कुणाच्या तरी आजीने काहीतरी शिकवायचं होतं. आई म्हणाली, "मला मेलीला कणसाच्या बाहुल्या तेवढ्या येतात." गावाबाहेरच्या एका शेतावरून आम्ही कणसाची वाळकी पानं आणली आणि मऊ व्हायला भिजत घातली.

वर्गात आईने पान दुमडलं, दोऱ्याने मान आवळली, कणसाच्या केसांचा अंबाडा घातला. मुलं तिला अगदी चिकटून बसली. एकीने विचारलं, हे कुठे शिकलात? मी आईला मराठीत सांगितलं.

"शिकते कुठली. रस्त्यावर कणसं विकायचे, ही रडायची. हिला गप्प करायला काहीतरी नको?"

मी इंग्रजीत म्हणाले, "आमच्याकडची ही जुनी परंपरा. सुगी झाली की घरोघरी करतात."

टीचर "लव्हली" म्हणाल्या. आपलं बोलणं पोचलं असं वाटून आई हसली. त्या हसण्याकडे मला बघवेना. पदवी तिच्या कष्टांची, आणि तिचेच शब्द मी गिळले होते.

लेक मराठी बोलत नाही, पण कळतं तिला सगळं. कानाशी येऊन म्हणाली, "मम्मा, दॅट्स नॉट व्हॉट आजी सेड."

"घरी बोलू."

"बट शी थिंक्स यू टोल्ड देम."

मी काय सांगितलं ते आधी आईला सांगितलं. ती हातातलं पान वळतच राहिली.

"परंपरा? तू रोज भोकाड पसरायचीस, तेवढी एक परंपरा होती बाई आपल्याकडे."

मग मी मुलांना म्हटलं, मघाशी मी चुकीचं सांगितलं. शेगडी, रस्ता, गोणपाट, माझं रडणं, सगळं सांगितलं. मुलांना रडण्याचंच फार हसू आलं.

घंटा होईपर्यंत प्रत्येकाची बाहुली तयार होती, आणि माझ्या आईने काय करून मला शिकवलं ते त्या वर्गाला माहीत झालं होतं.