एका जुवातली दोन घरं

साठीच्या येव्रोसिमाने विधुर ग्वोझ्देनशी लग्न ठरवलं, अशी आवई एप्रिलात आमच्या गावभर उठली. खरं एवढंच होतं की तिने त्याच्या बैलाशी आपला बैल जोडला होता. हिवाळ्यात दोघांचाही एकेक बैल मेला. अशा दोन घरांनी मिळून एक औत करायचं, ही आमच्या डोंगरातली जुनी सावड.

येव्रोसिमाला घाई होती. निश शहरातल्या कारखान्यात काम करणाऱ्या तिच्या मुलाने बजावलं होतं, मेच्या सुरुवातीला येणाऱ्या संत जॉर्जच्या सणाआधी वरच्या शेतात मका पेरून झाला नाही, तर बैल विकून आईला शहरात नेणार. चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत बसून म्हातारं व्हायची तिची मुळीच तयारी नव्हती.

सावड ग्वोझ्देनच्या अंगणात ठरली, प्लमच्या दारूबरोबर. तिने त्याच्या बैलाचे दात पाहिले, त्याने तिच्या बैलाचे खूर दाबले. बैल कोणत्या बाजूला चालतो, हे विचारायचं मात्र दोघंही विसरले.

शेतात जू ठेवलं आणि कळलं, दोन्ही बैल जन्मभर डावीकडेच चाललेले. तिच्या रूमेन्कोला उजवीकडे उभं केलं, तर तो दुसऱ्याला ढकलत डावीकडे यायचा. सगळं औत जागच्या जागी गोल फिरलं. कुंपणापलीकडे गाव हसत उभं.

"तुझ्या बैलाची बाजू बदल," ग्वोझ्देन म्हणाला.

"बदलते. पण पहिला नांगर माझ्या शेतात."

ग्वोझ्देनने डोकं खाजवलं आणि मान डोलावली.

आठ दिवस ती रूमेन्कोला मोकळं जू घालून उजवीकडून चालवत राहिली, खिशात मीठ लावलेली भाकरी घेऊन. लोक म्हणायचे, गेलेल्या नवऱ्याचे एवढे लाड केले नव्हतेस. नवव्या दिवशी नांगराचा तास सरळ उमटला. सणाला मुलगा आला तेव्हा मका पेरून झाला होता. त्याने कोकराचं मटण खाल्लं, शेताला चक्कर मारली आणि संध्याकाळच्या बसने एकटाच परत गेला.

त्याच आठवड्यात दुकानापुढच्या बाकावर निवृत्त तिहोमीर मास्तरांनी तिला अडवलं. म्हणाले, काकू, आपल्याकडे नवऱ्याला 'सुप्रुग' म्हणतात ना, त्याचा मूळ अर्थ एका जुवाला जोडलेला. रशियापासून बल्गेरियापर्यंत याच मुळाचे शब्द आहेत. मग राहिलं काय, लग्नच करून टाका. बाकावरचे सगळे कान टवकारून बसले. बाकाच्या टोकाला ग्वोझ्देन टोपी चाचपत होता.

येव्रोसिमाने मिठाची पुडी पिशवीत टाकली. म्हणाली, "मास्तर, बैलांचं जू संध्याकाळी उतरतं. मला तेवढंच पुरे."