पाचोळ्यावरचे दगड

बाप, कुशाबा, वारल्यापासून सूरजचं एकच टुमणं होतं, “आई, मंचरला चल.” आणि आहुप्याच्या ठमाबाईचं उत्तरही एकच, “भात लावल्याबिगर न्हाई.” शेवटी पोरानं फोनवर बजावलं, “रविवारी टेम्पो घेऊन येतो. राबाचा पाचोळा गोळा झाला असंल तर ऱ्हा यंदा. न्हाईतर गुमान गाडीत बसायचं.”

लबाड! त्याला ठाऊक होतं की राब करायचा, म्हणजे भाताच्या रोपासाठी जमीन भाजायची तर पुरुषभर उंच पाचोळा लागतो, आणि आईचा गुडघा तर अंगणातसुद्धा कुरकुरतो. तरी ठमाबाई पाचोळा ओढायचं दाताळं घेऊन बांधावर गेलीच. चार दिवसांत ढीग कमरेलासुद्धा लागला नाही. दाताळ्याचा दांडा कुशाबाच्या हातांनी गुळगुळीत झालेला. तो ओढायचा, ती लुगड्यात मोट बांधायची. एवढी वर्षं दोघांनी मिळून केलेलं काम एकटीनं करताना तिला सारखं रडू यायचं.

सामान बांधायला म्हणून सूरजनं बायकोला आधीच वर आहुप्याला धाडलं होतं. वृषाली पेठला वाढलेली, हायवेच्या कडेची पोर. सासूचे हाल तिला बघवेनात. शनिवारी ती तांबडं फुटायच्या आत उठली, आणि ठमाबाई चहा घेऊन बाहेर येते तो काय, ढीग डोक्याच्या वर! वृषालीनं त्याचा फोटोसुद्धा सूरजला पाठवून दिलेला.

“आगं बया! कुठनं आणलास एवढा?”

“त्या पलीकडच्या झाडीतनं. घोट्याएवढा पडलाय आई, कुणी हातच लावत नाही. लई आळशी लोकं बघा तुमच्या गावची!”

ती झाडी म्हणजे देवाची राई होती. तिथलं वाळकं पानसुद्धा कुणी उचलत नाही. तिथं कुंपण नाही की पाटी नाही, कारण सांगायची गरजच कुणाला पडत नाही. वृषालीला हे कळलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारून घेतला. “आता वो आई? उद्या हे येणार!”

ढीग तसाच ठेवला असता तर कुणाला कळलंही नसतं. ठमाबाईचं घर, शेत, सगळं त्या ढिगावर अडलेलं. तिनं एकदा ढिगाकडं बघितलं आणि पदर खोचला. “चल. देवाचं देवाला देऊन येऊ.”

मोटेमागून मोट परत गेली. निम्म्या वाटेवर ठमाबाई एकाएकी हसायला लागली. “मीबी हेच केलं व्हतं गं, नवी नवरी असताना. तुझ्या सासऱ्यानं कुणाला कळू न देता माझ्यासंगं सगळा परत नेऊन टाकला. सासूनं इचारलं ढीग कुठं गेला, तर म्हनला, ‘वारा सुटला व्हता.’ मग ती थाप खरी वाटाया पायजे ना? दर साली ढिगावर दगड ठेवायचा बिचारा. म्हातारी मेली तरी सवय सुटली न्हाई.” हसता हसता तिचे डोळे भरले. वृषालीनं तिच्या डोक्यावरची मोट आपल्याकडं घेतली.

उरलेला दिवस दोघींनी आपल्या बांधावर दाताळं चालवलं. तरी रविवारी सूरज आला तेव्हा ढीग छातीलाच लागत होता.

“फोटोत तर डोक्याच्या वर व्हता!”

वृषालीनं मान खाली घातली. ठमाबाई शांतपणे म्हणाली, “वारा सुटला व्हता.”

आता तो टेम्पोकडं बोट दाखवणार, असं दोघींना वाटलं. सूरजनं कमरेवर हात ठेवून ढिगाभोवती एक चक्कर मारली. मग एकदम चिडूनच म्हणाला, “मग वर दगड ठेवायला काय झालं व्हतं? बाबा दर साली ठेवायचे, एवढंबी ध्यानात न्हाई तुमच्या?”

वृषालीनं तोंडाला पदर लावला, पण हसू फुटलंच. काय झालं ते सूरजला कळेना. त्यानं पॅन्ट वर दुमडली, बांधावरचे दोन दगड आणून ढिगावर नीट बसवले, आणि बापाचं दाताळं उचललं.

“बघत काय बसलाय? मोट बांधा. लई राहिलाय अजून.”